परदेशातून घरी पाठवलेला पैसा : कोणाच्या खात्यावर आणि कोणत्या नावाने?

कांदेबाग

नमस्कार. मी रावेर तालुक्यातला असून गेली नऊ वर्षे अबुधाबीत बांधकामावर पर्यवेक्षक म्हणून नोकरी करतो. घरी आई, आबा, धाकटा भाऊ आणि त्याचे कुटुंब आहे. पाच एकर केळी आहे. दर महिन्याला तीन हजार दिरहम आबांच्या बचत खात्यावर पाठवतो आणि नऊ वर्षांत एकही महिना चुकलेला नाही.

या काळात पैसे पाठवण्याविषयीचा माझा सगळा विचार दराभोवतीच फिरत राहिला. पगार झाला की खोलीतले आम्ही सहा जण कोणत्या एक्स्चेंजमध्ये आज काय दर आहे हे एकमेकांना विचारायचो, दोन-तीन दिवस थांबायचो आणि मग रांगेत उभे राहायचो. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला आहे. त्यामुळे दिरहमाचा रुपयातला दर हा खरे तर डॉलरचाच दर असतो आणि आपण थांबल्याने त्यात फारसे काही हाती लागत नाही. तीन हजार दिरहमांवर दहा पैशांचा फरक पडला, तर तो ३०० रुपयांचा होतो. त्या ३०० रुपयांसाठी मी जितका जागा राहिलो, तितका पैसे घरी पोहोचल्यावर त्यांचे पुढे काय होते याविषयी कधीच राहिलो नाही.

गेल्या दिवाळीत सुटीवर गेलो, तेव्हा धान्याच्या कोठीत, गव्हावर ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत एका पतसंस्थेच्या चार ठेवपावत्या सापडल्या. प्रत्येक पावती एक लाखाची होती. बँकेपेक्षा व्याज जास्त मिळते म्हणून आबांनी माझेच पैसे साठवून तिथे ठेवले होते. मुदत संपून सात महिने झाले होते आणि संस्थेने पैसे देणे बंद केले होते. मी तिकडे एकटा आहे, काळजी करत बसेन, म्हणून त्यांनी मला कळवले नव्हते. मी त्यांना एका शब्दानेही बोललो नाही, कारण पैसे कुठे ठेवावेत हे त्यांना सांगण्याचे काम माझे होते आणि ते मी नऊ वर्षांत केले नव्हते.

रिझर्व्ह बँकेच्या पाहणीनुसार २०२३-२४ मध्ये परदेशातून भारतात ११८.७ अब्ज डॉलर आले आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा, म्हणजे २०.५ टक्के, महाराष्ट्रात आला. केरळचा वाटा १९.७ टक्के होता. तरीही केरळमधले माझे सहकारी अनिवासी भारतीयांच्या एनआरई आणि एनआरओ या खात्यांविषयी ज्या सहजतेने बोलतात, ती सहजता आपल्या खान्देशात नाही. तिकडे एकेका घरात तीन पिढ्या आखातात जाऊन आलेल्या आहेत. आपल्या गावातून मी पहिलाच गेलेला, त्यामुळे मला कोणी सांगायला नव्हते आणि आबांनाही कोणी सांगायला नव्हते. म्हणून जाणकारांना विचारतो : पैसे आबांच्याच खात्यावर पाठवत राहावे की स्वतःचे खाते उघडावे? आणि ज्या पैशातून पुढे शेत घ्यायचे आहे, तो कोणाच्या नावावर ठेवावा?

भुसावळ जंक्शन

मी बँकेतून निवृत्त झालो असून परकीय चलनाच्या विभागात बरीच वर्षे काम केले आहे. आपल्या पत्रात एक गोष्ट आलेली नाही, ती आधी विचारतो. परदेशी जाण्यापूर्वीचे आपले स्वतःचे बचत खाते अजून तसेच चालू आहे काय? नोकरीसाठी देश सोडल्यावर फेमा या परकीय चलनाच्या कायद्यानुसार ते खाते एनआरओ करून घ्यावे लागते. आपल्या भागातले बहुतेक लोक हे करत नाहीत, कारण बँकेत कोणी विचारत नाही आणि एटीएम कार्ड चालू राहते. पण नियमाचा भंग तो भंगच आणि पुढे मोठी रक्कम फिरवायची वेळ आली की तो नेमका अडचणीच्या दिवशी समोर येतो.

दोन खात्यांतला फरक पैसा कुठे मिळवला यावरून समजून घ्यावा. परदेशात कमावलेला पैसा एनआरई खात्यात येतो. त्यावरचे व्याज भारतात करमुक्त असते आणि मुद्दल व व्याज दोन्ही केव्हाही परत बाहेर नेता येतात. इथे मिळालेला पैसा, म्हणजे जळगावच्या घराचे भाडे, जुन्या ठेवींचे व्याज किंवा शेतातल्या वाट्याचे उत्पन्न, एनआरओ खात्यात जमा होतो. त्याच्या व्याजावर बँक ३० टक्के कर आणि त्यावरचा उपकर आधीच कापून घेते आणि बाहेर नेण्यास एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरची मर्यादा आहे. एनआरई मुदत ठेव किमान एक वर्षाची असते आणि वर्षाच्या आत मोडल्यास व्याज मिळत नाही, म्हणून घरखर्चाचा पैसा त्यात अडकवू नये.

माझे मत असे की घरखर्चाची ठरलेली रक्कम आबांच्याच खात्यावर जाऊ द्यावी. तो त्यांचा मान आहे आणि तो त्यांच्याकडेच राहिला पाहिजे. उरलेली बचत मात्र आपल्या एनआरई खात्यात ठेवावी. ते खाते निवासी नातेवाइकाबरोबर ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ या पद्धतीने संयुक्त करता येते. आपण हयात असेपर्यंत खाते आपणच चालवायचे आणि आपल्या मागे ते त्या नातेवाइकाकडे जाते. धाकट्या भावाला मुखत्यार नेमले, तर स्थानिक देणी तो त्यातून भागवू शकतो. पैसे पाठवताना कारण विचारतात, तेव्हा समोर दिसेल तो पर्याय निवडू नये. कुटुंबाच्या निर्वाहासाठी आणि भेट म्हणून यांचे संकेतांक वेगळे आहेत आणि तीच नोंद वर्षांनंतर आपला पुरावा असते. शुल्काचे म्हणाल, तर चलन इथल्या बँकेत रुपयांत बदलले गेल्यास एक लाखावर जीएसटी १८० रुपये पडतो. त्यापेक्षा दरात लपलेला फरक बहुधा मोठा असतो.

आता पतसंस्थेविषयी, कारण आपल्या जिल्ह्याला ही जखम नवी नाही. फेब्रुवारी २०२० पासून प्रत्येक ठेवीदारास प्रत्येक बँकेमागे मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे आणि त्यात नागरी सहकारी बँका व जिल्हा बँकही येतात. पतसंस्था त्यात येत नाहीत. पाटीवरची अक्षरे सारखी, काउंटर सारखे, कर्मचारी गावातलेच, त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला हा फरक कळावा तरी कसा? त्या संस्थेवर सहकार खात्याने अवसायक, म्हणजे बंद पडलेल्या संस्थेची देणी-घेणी मिटवणारा अधिकारी, नेमला असेल, तर मूळ पावत्यांसह त्याच्याकडे दावा नोंदवा. आणि एक विनंती अगदी कळकळीची आहे. अर्ध्या किमतीत पावत्या विकत घेणारे दलाल फिरतात. त्यांच्या हाती मूळ पावती देऊ नका.

बोरीकाठची लेक

मी अमळनेरची असून बारा वर्षांपासून न्यू जर्सीत राहते. वडील गेल्यानंतर आई तिथे एकटी असते. पहिल्या तारखेला पैसे जमा झाले की तिचा फोन येतो आणि ती नेहमी एकच वाक्य बोलते, ‘पैसा उनात, तू जेवनी का?’ बँकेचा संदेश इंग्रजीत येतो, म्हणून शेजारच्या मुलीकडून तो वाचून घेतल्याशिवाय ती मला फोन करत नाही.

भुसावळकर काकांनी जे लिहिले त्यात मला माझ्या चुकीवरून भर घालायची आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात, कानबाईच्या सणाच्या आदल्या दिवशी ओट्यावरून पाय घसरून आईचे खुब्याचे हाड मोडले. दवाखान्याने शस्त्रक्रियेआधी मोठी रक्कम भरायला सांगितली. मी त्याच रात्री एरवीपेक्षा बरीच मोठी रक्कम बँकेमार्फत पाठवली आणि ती अडकली. आईच्या पासबुकावर नाव होते माहेरच्या सवयीने लिहिलेले, आधारवर वेगळे आणि मी अर्जात लिहिले होते तिसरेच. तीन दिवसांनी रक्कम परत आली. तोवर माझ्या चुलतभावाने स्वतःचे सोयाबीन विकून आलेले पैसे दवाखान्यात भरले होते, रोटांचा प्रसाद डब्यात घेऊन तो तिच्या उशाशी बसला होता, आणि मी दहा हजार किलोमीटरपेक्षा दूर बसून बँकेच्या फोनवरचे संगीत ऐकत होते. तेव्हापासून आईच्या आजारपणाची रक्कम मी भारतातच, एनआरई खात्यात वेगळी ठेवते आणि पासबुकावरचे नाव अक्षर न अक्षर जुळवून घेतले आहे.

त्या चुलतभावाचे पैसे परत करताना मला आणखी एक गोष्ट कळली. आईवडील, भाऊबहीण यांना पाठवलेली भेट, रक्कम कितीही असली तरी, त्यांच्या हाती करपात्र होत नाही. चुलत, मामे, आते आणि मावस भावंडे मात्र आयकर कायद्याच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत येत नाहीत. त्यांना वर्षभरात मिळालेल्या अशा भेटी मिळून ५०,००० रुपयांच्या पुढे गेल्या, तर सगळीच रक्कम त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. आपल्याकडे तर दवाखान्यात धावतो तो चुलतभाऊच. म्हणून त्याने आपल्यासाठी केलेला खर्च परत करत असू, तर दवाखान्याच्या पावत्या आणि चार ओळींचे पत्र जपून ठेवावे. ती भेट नसते, त्याच्याच पैशांची परतफेड असते. आईला दिलेल्या पैशांवरचे व्याज आईचे उत्पन्न ठरते. पतीने पत्नीला किंवा पत्नीने पतीला दिलेल्या पैशांवरचे उत्पन्न मात्र देणाऱ्याच्या नावे धरले जाते.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी थोडेसे. १ जानेवारी २०२६ पासून रोख रक्कम, मनीऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन बाहेर पाठवलेल्या पैशांवर तिथे एक टक्का कर आहे; बँक खात्यातून किंवा तिथल्याच डेबिट-क्रेडिट कार्डाने पाठवल्यास तो लागत नाही. एनआरई खात्याचे व्याज भारतात करमुक्त असले तरी अमेरिकेत ते उत्पन्नात दाखवावे लागते. परदेशी खात्यांतली एकत्रित शिल्लक वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर त्या खात्यांची माहितीही तिथल्या सरकारला कळवावी लागते.

सातपुड्याचा पायथा

मी शहाद्याचा असून सिंगापूरला राहतो. २१ फेब्रुवारी २०२३ पासून इथली पे-नाऊ आणि आपली यूपीआय या व्यवस्था जोडल्या गेल्या आहेत. लहान रकमा भावाच्या फोनवर काही क्षणांत पोहोचतात. अमिराती, सौदी, कतार, ओमान, अमेरिका, ब्रिटन अशा काही देशांतल्या मोबाइल क्रमांकावरही आता आपले एनआरई किंवा एनआरओ खाते यूपीआयला जोडता येते. बँक ती सोय देते का एवढे पाहावे. मी पुतणीच्या वसतिगृहाचे शुल्क थेट इथून भरतो.

एक प्रश्न आहे. आखातातले काही मित्र हुंडीने पैसे पाठवतात. दर चांगला मिळतो आणि माणूस घरी येऊन रोख देतो. यावर जाणकारांचे काय मत आहे?

भुसावळ जंक्शन

माझे मत स्पष्ट आहे. पाठवू नये. तो फेमाचा भंग आहे आणि त्यास गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. दंड बाजूला ठेवला तरी, आलेल्या पैशाचा कागद नसतो. उद्या आबांनी त्या रोकडीतून प्लॉट घेतला आणि पैसा कुठून आला असे विचारले गेले, तर मुलाने बारा तास उन्हात उभे राहून मिळवलेला पैसा काळा ठरतो. घरी रोखच हवी असेल, तर त्यासाठी रिझर्व्ह बँकेने मान्यता दिलेली सेवा आहे. त्यात एका वेळी २,५०० डॉलरपर्यंत आणि एका व्यक्तीस वर्षाला ३० वेळा पैसे पाठवता येतात आणि ५०,००० रुपयांपर्यंत रोख मिळते.

मृगाची लागण

इथे सगळे पैसे पाठवणारे बोलले. मी पैसे घेणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहितो. मी चोपडा तालुक्यात शेती करतो आणि माझे मोठे भाऊ मस्कतला आहेत.

दादांच्या पैशांची आमच्या घराला खरी गरज कधी लागते, हे त्यांना पाच वर्षे माहीत नव्हते. ते दर महिन्याला सारखी रक्कम पाठवायचे. सोसायटीचे पीककर्ज ३१ मार्चच्या आत भरले, तर तीन लाखांपर्यंत व्याज लागत नाही. केळीचे पैसे हाती आलेले नसतात, कापसाचे औषध-दुकानात गेलेले असतात. मग मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावातला निम्मा माणूस नवंजुनं करण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसलेला असतो. दहा-पंधरा दिवसांसाठी पैसे घ्यायचे, सोसायटी भरायची, एप्रिलमध्ये नवे कर्ज मिळाले की सावकाराचे फेडायचे, आणि त्या पंधरा दिवसांसाठी पूर्ण महिन्याचे शेकडा तीन रुपयांनी व्याज द्यायचे. तीन लाखांवर नऊ हजार रुपये. मी हे पाच वर्षे दिले आणि दादांना सांगितले नाही, कारण ते आधीच इतके पाठवतात, आणखी कसे मागावे, असे वाटायचे. एकदा बोलता बोलता निघाले आणि ते फोनवर बराच वेळ गप्प राहिले. आता ते दर महिन्याला थोडे कमी पाठवतात आणि मार्चसाठी रक्कम त्यांच्या खात्यात साठवतात. एप्रिलमध्ये ती जशीच्या तशी परत जागेवर जाते.

दुसरी गोष्ट मांडताना मन जड होते, पण ती मांडलीच पाहिजे. गावात लोक म्हणतात, याचे काय, याचा भाऊ परदेशात आहे. मोटारीची लाईट रात्री असते तेव्हा बारा वाजता बॅटरी घेऊन बागेत मी जातो. वादळात घडासकट आडवी झालेली खोडे पहाटे मी उचलतो. आईला दवाखान्यात मी नेतो. पाठवलेल्या पैशांचा हिशेब जरूर असावा आणि तो मी वहीत रोज लिहितो, पण त्या वहीत घरी राहिलेल्या भावाच्या कष्टांनाही एक रकाना असावा. कांदेबाग दादा, तुमच्या धाकट्या भावाने या सगळ्यात काय म्हटले, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही.

पांझरेचे पाणी

मी धुळ्यात वकिली करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या भावाभावांच्या दाव्यांपैकी बरेच दावे परदेशातून आलेल्या पैशांतूनच उभे राहिलेले असतात. शेत घेण्याच्या प्रश्नाला मी उत्तर देतो.

अनिवासी भारतीयाला शेतजमीन, मळ्याची जमीन किंवा फार्महाउस विकत घेता येत नाही. वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेली शेतजमीनही घेता येत नाही. वारशाने मात्र ती येते आणि देश सोडण्यापूर्वी आपल्या नावावर असलेली जमीन आपलीच राहते. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या नागरिकालाच विकता येते. बिनशेती प्लॉट, घर किंवा दुकान घेण्यास अडचण नाही.

मग लोक असे करतात की पैसे मोठा भाऊ पाठवतो, खरेदीखत धाकट्याच्या नावाने होते आणि ‘जमीन खरी माझी’ हे दोघांत तोंडी ठरते. हाच तो धोक्याचा व्यवहार आहे. १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा २०१६ मध्ये कडक झाला आणि त्यात एक ते सात वर्षे कैद व मालमत्तेच्या बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड आहे. भावाच्या नावावर घेतलेल्या मालमत्तेला त्यात मिळणारी सूट दोघांची नावे कागदावर संयुक्तपणे असतील तरच मिळते आणि शेतजमिनीच्या खरेदीत आपले नाव तर लागूच शकत नाही. म्हणून शेतासाठी पैसे द्यायचे, तर ते आबांना किंवा भावाला खरोखर भेट म्हणून द्यावे, तसे पत्र करावे आणि त्या जमिनीवरचा हक्क मनातूनही सोडावा. ते जमणार नसेल, तर तोच पैसा जळगावच्या बिनशेती प्लॉटमध्ये स्वतःच्या नावाने घालावा. त्यासाठी भावाला कुलमुखत्यारपत्र देणार असाल, तर ते वकिलातीत साक्षांकित करून घ्यावे आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरावा. सातबारा, वारसनोंद आणि ठेवींवरचे वारसदार हे आबांच्या हयातीतच, सर्वांसमोर वाचून घ्यावे. वाचायला बसलेल्या घरांचे दावे माझ्याकडे फार कमी येतात.

कांदेबाग

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण चोपड्याच्या दादांचा शेवटचा प्रश्न वाचल्यावर आधी घरी फोन करणे भाग होते.

भावाशी दोन तास बोललो. नऊ वर्षांत त्याच्याशी इतका वेळ कधी बोललो नव्हतो. आमच्याकडेही मार्चला नवंजुनं होते आणि त्याचे व्याज तो स्वतःच्या केळीच्या वाट्यातून देत होता. जुने बचत खाते एनआरओ करण्याचा अर्ज दिला आहे आणि एनआरई खात्याचे कागद वकिलातीतून साक्षांकित करून पाठवले आहेत. घरखर्चाचे दोन हजार दिरहम आबांच्या खात्यावर पूर्वीसारखेच जातील. उरलेल्या हजारातून आधी मार्चची रक्कम जमवायची आहे. शेताचा विचार सोडलेला नाही, पण जे घेऊ ते आबांच्या नावाने आणि भेटीच्या पत्रासह घेऊ, हे आम्ही दोघांनी आबांसमोर बोलून ठरवले. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचे नवे साल ठरते त्याच दिवशी सातबारा आणि ठेवींवरची नावे सगळ्यांनी बसून वाचायची, असेही ठरले आहे.

भुसावळच्या काकांना मुद्दाम कळवतो. चारपैकी दोन मूळ पावत्या आबांनी एका माणसाला ‘दाखवायला’ दिलेल्या होत्या आणि लाखाला चाळीस हजार देतो असे तो म्हणत होता. भाऊ परवा सकाळी सावद्याला जाऊन त्या परत घेऊन आला. काल त्याने फोटो पाठवला. चारही पावत्या नव्या वहीत ठेवल्या आहेत, आणि वहीच्या पहिल्या पानावर डावीकडे माझी रक्कम आहे, उजवीकडे त्याने लिहिले आहे, ‘सोमवार, रात्री १२ ते ५, वरच्या बागेला पाणी’.